अनुभवाचा दाखला

नोकरीच्या जाहिरातीत शेवटी शेवटी एक ओळ असते : "किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक." ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांचे या ओळीकडे लक्षही जाणार नाही. पण ज्यांच्या घरी संगणकाची पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी सहा-आठ महिने बसून आहे, त्यांना ती पाठ झालेली असते. नोकरी मिळण्यासाठी अनुभव हवा आणि अनुभव मिळण्यासाठी नोकरी हवी. विहिरीवर पाणी भरायला आलेल्याला "आधी भरलेली घागर दाखव" म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

या पेचातून सुटण्याचा एक मार्ग पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत पैसे टाकून मिळतो. तो म्हणजे अनुभवाचा खोटा दाखला. "त्यात वाईट काय?" असा प्रश्न जेव्हा आपलाच भाचा किंवा पुतण्या विचारतो, तेव्हा "खोटे बोलू नये बाळा" एवढे सांगून मोकळे होता येते. परंतु तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही, आणि खरे सांगायचे तर आपलेही होऊ नये.

समजा, देवळीचा एक मुलगा आहे. वर्ध्याच्या नैर्ऋत्येला सतरा-अठरा किलोमीटरवरचे हे तालुक्याचे गाव. वडिलांची चार-पाच एकर शेती. कापूस, सोयाबीन, मध्ये तुरीची तासे. मुलगा सेवाग्रामला एस.टी.ने जाऊन-येऊन इंजिनिअर झाला. बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले. कॅम्पसमध्ये त्याचा नंबर लागला नाही. देवळीला एम.आय.डी.सी. आहे, लोखंडाचे कारखाने आहेत, 2024 पासून वर्धा-कळंब रेल्वेही सुरू झाली. पण सॉफ्टवेअरचे काम म्हणजे जवळात जवळ नागपूरचे मिहान, आणि मोठ्या संख्येने म्हणाल तर सहाशे किलोमीटरहून दूर असलेले हिंजवडी. म्हणून तो पुण्याला गेला. कॉट बेसिसवर राहिला, एक कोर्स केला, शे-दोनशे ठिकाणी अर्ज पाठवले. उत्तर बहुतेक ठिकाणाहून आलेच नाही. शेवटी रूमवरच्या एकाने सांगितले की अमुक माणूस दोन वर्षांचे अनुभवपत्र देतो, पगाराच्या चोवीस पावत्या देतो, आणि चौकशीचा फोन आला तर उत्तरही देतो. त्या रात्री या मुलाने मामाला फोन केला : "काम येते मले, मामा. निस्ता कागद नाही."

मामाने काय सांगावे?

आधी मुलाची बाजू नीट ऐकू या, कारण ती पोकळ नाही. तो म्हणतो, दोन वर्षांची अट हीच मुळात खरी नाही. काम तीन महिन्यांत शिकता येईल असे आहे, हे जाहिरात देणाऱ्यालाही ठाऊक असते. अर्ज फार येतात म्हणून चाळणी लावली, एवढाच तिचा अर्थ. खोट्या अटीला खोटे उत्तर दिले तर पाप कसले? दुसरे, तो म्हणतो, शब्द काय आम्हीच पाळायचा? इन्फोसिसने 2022 मध्ये ज्यांना नेमणूकपत्रे दिली त्यांपैकी सुमारे दोन हजार मुले 2024 पर्यंत रुजू होण्याची वाट पाहत राहिली. आणि रुजू झालेल्यांपैकी तीनशेहून अधिक जणांना फेब्रुवारी 2025 मध्ये म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून, अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण झाले नाहीत म्हणून, घरी पाठवण्यात आले. विप्रोने 2023 मध्ये साडेसहा लाख वार्षिक पगाराचा शब्द दिलेल्या मुलांना विचारले की साडेतीन लाखांवर येता का. कंपन्यांची स्वतःची कारणे होती. इन्फोसिसने सांगितले की परीक्षेसाठी तीन संधी दिल्या जातात आणि हा नियम जुनाच आहे. ते असेलही. पण दोन वर्षे वाट पाहिलेल्या मुलाला आणि त्याच्या आईला त्या कारणाने काय धीर येणार?

म्हणजे मुलगा ज्या बाजारात उभा आहे तो बाजार काही सत्यवचनी नाही. हे आपण मान्य केले पाहिजे. त्याला उपदेश करणाऱ्याने तर आधी मान्य केले पाहिजे.

आता दुसरी बाजू. सहसा सांगितले जाते की असे दाखले पकडले जातात. ते खरे आहे. नॅसकॉमने 2006 मध्येच कर्मचाऱ्यांची माहिती पडताळण्यासाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. 2014 पासून भविष्य निर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला एकच कायमचा क्रमांक मिळतो. त्यावरून कोण कोणत्या महिन्यात कुठे नोकरीला होता हे कळते. कागदावर दोन वर्षे आणि निधीच्या खात्यावर एकही रुपया नाही, हे लपत नाही. 2022 च्या नोव्हेंबरात ॲक्सेंचरने जाहीर केले की अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांची अनुभवपत्रे देऊन भारतात काही जण नोकरीला लागले होते. त्यांना काढून टाकण्यात आले. पण पकडले जाण्याची भीती हे सावधगिरीचे कारण झाले, नीतीचे नव्हे. उद्या अगदी बेमालूम दाखला मिळू लागला तर तो चालेल का? चालणार नसेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे.

माझ्या मते ते दोन ठिकाणी सापडते.

अनुभवाचा दाखला ही एक साक्ष असते. "या माणसाला मी दोन वर्षे काम करताना पाहिले आहे," असे एक माणूस दुसऱ्याला, तिसऱ्याविषयी सांगत असतो. आठव्या आज्ञेत मनाई आहे ती नेमकी खोट्या साक्षीची, आणि शेजाऱ्याच्या बाबतीतल्या. इथे शेजारी कोण? कंपनी म्हणावी तर ती मोठी आहे, तिचे फारसे काही जात नाही. खरा शेजारी म्हणजे त्याच मुलाखतीच्या रांगेत बसलेली पुलगावची किंवा आर्वीची मुलगी. तिनेही तेच शिक्षण घेतले, तिच्याही डोक्यावर कर्ज आहे, आणि तिने अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहिले आहे. खोटा दाखला त्या मुलीला मागे ढकलतो. आणि असे दाखले वाढले की कंपन्या चाळणी आणखी बारीक करतात : आता दोन नको, तीन वर्षे लिहा. ज्या भिंतीवरून आपण उडी मारली तीच भिंत मागच्यासाठी एक हात उंच होते.

दुसरे कारण खुद्द त्या मुलाविषयी आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. नव्याने कामावर लागलेल्याजवळ एकच मोठी मालमत्ता असते : "मला हे येत नाही, दाखवा" असे म्हणण्याचा हक्क. पहिले वर्षभर त्याने कितीही भाबडे प्रश्न विचारले तरी कोणी हसत नाही. बारकीसारखी दुरुस्ती करताना सगळी यंत्रणा बंद पाडली तरी वरिष्ठ सांभाळून घेतो, कारण तो नवा आहे. ज्याने दोन वर्षांचा दाखला जोडला त्याने हा हक्क पहिल्याच दिवशी गमावलेला असतो. शेजारच्या टेबलावरच्याला विचारावे तर बिंग फुटेल. मग रात्री खोलीवर एकट्याने शोधायचे, सकाळी येत असल्याचे भासवायचे. "काम येते मले" हे त्याचे म्हणणे खरे असेलही; पण कॉलेजचा प्रकल्प करणे आणि वीस जणांनी दहा वर्षांत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये हात घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट कोणीतरी दाखवल्याशिवाय फारशी येत नाही. म्हणजे ज्या वस्तूचा दाखला त्याने विकत घेतला, ती वस्तू मिळवण्याचा रस्ता त्या दाखल्यानेच अडवला.

इथे अनुभव म्हणजे काय हे पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी देवळीहून फार लांब जायला नको. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षणाची परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली तिथेच समिती नेमली गेली, आणि त्यातून जी नई तालीम उभी राहिली तिचे केंद्र सेवाग्रामला होते. मूळ कल्पना अशी की मुलाने आधी शिकायचे आणि मग कामाला लागायचे असे दोन तुकडे करू नयेत. सूत कातताना गणित, कापसावरून भूगोल, असे हातातल्या कामातूनच शिक्षण व्हावे. (तेव्हाही काहींनी शंका काढली होती की यातून मुलांना फुकट राबवले जाईल. ती शंका आजच्या बिनपगारी इंटर्नशिपकडे पाहिले की पुन्हा आठवते.) नई तालीम आपल्या शाळांत टिकली नाही. पण गावातल्या गॅरेजमध्ये, सुताराच्या खटाल्यावर, शिवणकामाच्या दुकानात ती आजही चालू आहे. तिथे नव्या पोराला कोणी दोन वर्षांचा अनुभव मागत नाही. त्याला आधी पाना पुसायला देतात, मग नट आवळायला, मग एक दिवस इंजिन उघडायला. अनुभव ही त्या पोराने घरून आणायची वस्तू नसते. उस्ताद ती त्याला देत असतो.

संगणकाच्या मोठ्या कंपन्याही एके काळी असेच करत. 1990 च्या आणि 2000 च्या दशकात त्यांनी स्थापत्यशास्त्राच्या, यंत्रशास्त्राच्या पदवीधरांना घेतले, काही महिने स्वतःच्या खर्चाने शिकवले आणि मग कामावर बसवले. आजही ते पूर्ण थांबलेले नाही. पण हिशेब आवळला आहे. परदेशी ग्राहकाला माणशी बिल लावले जाते. नवख्याचे बिल द्यायला ग्राहक नाखूश असतो. म्हणून तयार माणूसच हवा असतो. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर. छोट्या चुका शोधणे, चाचण्या लिहिणे, माहितीपत्रके तयार करणे अशी जी "पाना पुसण्याची" कामे नव्या मुलांना मिळत, ती यंत्राकडे जाऊ लागली आहेत. टी.सी.एस.ने जुलै 2025 मध्ये सुमारे 12,000 लोक कमी करण्याचे जाहीर केले, त्यात मुख्यतः मधले आणि वरचे लोक होते. म्हणजे चिंता फक्त नवख्यांना आहे असेही नाही. पोप लिओ चौदावे यांनी मे 2025 मध्ये निवडून आल्यावर दोनच दिवसांनी कार्डिनलांना आपल्या नावाचे कारण सांगितले ते याच संदर्भात : लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये कारखान्यांच्या युगातील कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने आज माणसाच्या श्रमापुढे तसाच प्रश्न उभा केला आहे.

मग जबाबदारी कोणाची? पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्ये श्रमाविषयी जे परिपत्रक काढले त्यात एक भेद केला आहे, तो इथे फार उपयोगी पडतो. ते म्हणतात, कामगाराचे मालक दोन असतात. एक प्रत्यक्ष, जो पगार देतो. दुसरा अप्रत्यक्ष : सरकार, संस्था, कायदे, रूढी, ज्यांच्यामुळे काम मिळण्याच्या आणि करण्याच्या अटी ठरतात ते सगळे. या दुसऱ्या मालकात आपणही येतो, असे मला वाटते. आपण रूढी चालवतो. "शर्माजींचा लागला, तुझा कधी?" असे लग्नाच्या पंगतीत विचारणारे आपणच. ("लागला" एवढेच म्हणतात; कुठे, कशाला हे सांगावे लागत नाही. नोकरी लागेपर्यंत मुलगा जणू सुटाच.) त्या प्रश्नाचा किती भार मुलावर पडतो हे विचारणाऱ्याला कळत नाही. पुष्कळदा खोटा दाखला कंपनीसाठी कमी आणि पंगतीसाठी जास्त घेतलेला असतो.

द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला शुभवर्तमानात आहे, तो आपण दरवेळी मजुरीच्या अंगाने ऐकतो : शेवटी आलेल्यालाही पूर्ण मजुरी. पण संध्याकाळी पाचच्या सुमारास चौकात उभ्या असलेल्या माणसांकडे जरा पाहा. दिवसभर रिकामे का, असे मालक विचारतो, आणि ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. मालक त्यांना आळशी म्हणत नाही, पूर्वी कुठे काम केले तेही विचारत नाही. जा म्हणतो.

आता त्या मामाकडे येऊ. तो भाच्याला म्हणेल, "दाखला घेऊ नको." बरोबर म्हणेल. पण त्याचा पुढचा हिशेब त्याने केला आहे का? खरे लिहिणाऱ्याला नोकरी लागायला कदाचित आणखी वर्ष लागेल. बँकेचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो. तो काही थांबणार नाही. पुण्यातल्या कॉटचे भाडे, मेसचे पैसे, बहिणीची फी. ज्याच्या वडिलांचा पुण्यात फ्लॅट आहे त्या मुलाला खरे बोलणे फारसे महाग पडत नाही. तो वर्षभर शांतपणे अर्ज करू शकतो. देवळीच्या मुलाला तेच सत्य एक हंगाम कापसाइतके पडते. सत्य सगळ्यांना सारखेच बंधनकारक आहे, त्याची किंमत मात्र सारखी नाही. ज्याला ते महाग पडते त्याला फक्त उपदेश करायचा आणि किंमत त्याच्यावर सोडायची, यात कुठेतरी आपलीही अप्रामाणिकता आहे.

म्हणून मामाने "घेऊ नको" म्हटले तर त्या वर्षातला काही भाग स्वतःच्या अंगावर घ्यावा. पैसे असतील तर चार महिन्यांचे भाडे. पैसे नसतील तर काम. देवळीच्या एम.आय.डी.सी.त, जिनिंगमध्ये, कृषी केंद्रात, दवाखान्यात, शाळेत कितीतरी नोंदी आजही वहीत किंवा अर्धवट एक्सेलमध्ये असतात. साठ्याची नोंद, उधारीचा हिशेब, हजेरी. असे एक काम मुलाला लेखी ठरवून द्यावे, थोडा का होईना मोबदला द्यावा (फुकट करून घेऊ नये), आणि झाल्यावर त्याच दुकानाच्या कागदावर, खऱ्या तारखांनिशी, काय केले ते लिहून द्यावे. तो तीन महिन्यांचा दाखला असेल, दोन वर्षांचा नसेल. पण फोन आला तर उचलणारा माणूस खराच असेल. राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली तेव्हा पदवीधराला सहा महिने दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन ठेवले होते, पुढे मुदत वाढवली. त्यातून कायम नोकरी मिळत नाही अशी मुलांची तक्रार होती, आणि ती रास्त होती. तरी पदवी आणि पगार यांच्यामध्ये एक पायरी असावी हे सरकारने मान्य केले, एवढे खरे. शिवाय संगणकाच्या क्षेत्रात एक सोय आहे जी बाकी धंद्यांत नाही. जगभरचे लोक मिळून तयार करत असलेले खुले प्रोग्राम असतात. त्यात कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो, आणि कोणी, कोणत्या तारखेला, काय बदलले याची नोंद सगळ्यांना पाहता येईल अशी राहते. तिथे देवळी आणि हिंजवडी यांच्यात फरक नाही. फक्त ते काम नोकरी म्हणून लिहू नये, केलेले काम म्हणूनच लिहावे.

आणि ज्यांची मुले, सुना, जावई आधीच पुण्या-नागपूरला कंपन्यांत आहेत, त्यांच्याविषयी एक अडचणीचा मुद्दा. कंपन्यांत ओळखीच्या माणसाचे नाव सुचवता येते, आणि पुष्कळ नेमणुका तशाच होतात. आपल्या माणसाचे नाव सुचवणे हा वशिला नाही का? असू शकतो. न पाहिलेल्या मुलाची, केवळ नात्याचा किंवा आपल्या धर्मग्रामातला म्हणून भलामण केली, तर तीही खोटी साक्षच. फक्त ती विकत घेतलेली नसते. पण शनिवारी दोन तास त्या मुलाबरोबर बसून त्याचे काम पाहिले, चुका दाखवल्या, पुन्हा करून आणायला सांगितले, आणि मग "याला मी काम करताना पाहिले आहे, याला अजून हे येत नाही, पण शिकेल" असे लिहिले, तर ती खरी साक्ष झाली. असे दोन शनिवार द्यायला कोणाकडे वेळ आहे, हा प्रश्न मात्र मुलाला विचारण्याचा नाही.

मामाने त्या रात्री फोनवर निदान एवढे विचारावे : "भाडं किती आहे रे तुझं? अन् किती महिन्यांचं बाकी हाये?"